बुकिंग फुल्ल, पण हॉल अर्धा रिकामा: माइंडफुलनेस क्लासला न येणाऱ्यांचं काय करायचं

आधी प्रॉब्लेम सांगते, बहुतेक तुमचाही हाच असेल. माइंडफुलनेसचा, म्हणजे शांत बसून श्वासाकडे आणि मनाकडे लक्ष द्यायला शिकवायचा क्लास, १२ जणांचा, बुकिंग फुल्ल, वेटिंग लिस्टवर अजून चार नावं, आणि घंटा वाजवायच्या वेळेला समोर बसलेत सात जण. दोघांचा मेसेज तासाभरापूर्वी आलाय की आज नाही जमत, तिघांचा काहीच पत्ता नाही, आणि वेटिंगवरचे चौघं आपापल्या घरी, कारण त्यांना वाटतंय जागाच नाहीये. मग पुढच्या आठवड्यात रिमाइंडरचा मारा करायचा, दोन-तीन आठवडे बरं चालतं, आणि चौथ्या आठवड्याला परत समोर सातच. माझ्याकडे हे इतक्या वेळा झालं की शेवटी मी वही घेऊन बसले, हे फिरून फिरून का होतं आणि नेमकं काय बदललं की फरक पडतो ते बघायला.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण खालचं सगळं तिच्यावर उभं आहे. न येणारी माणसं बहुतेक वेळा बेफिकीर नसतात. त्यांना "मी येत नाहीये" हे सांगणं अवघड गेलेलं असतं, किंवा सांगून त्यांच्या हाती काही लागणार नसतं, किंवा एकदा बुडवल्यावर परत तोंड दाखवायला संकोच वाटत असतो. मी आधी दोन वर्षं फक्त कडक व्हायचा प्रयत्न केला आणि त्यानं गोष्टी बिघडल्या. सांगणं सोपं केलं, परत येणं सोपं केलं, तेव्हा कुठे आकडे हलले.

पहिलं काम: नोंद वेगवेगळी ठेवा

हजेरीत फक्त हजर-गैरहजर असे दोन रकाने असतील तर काहीच कळत नाही. किमान चार आठवडे असं लिहा: कळवून आला नाही आणि वेळेत कळवलं, कळवलं पण उशिरा, अजिबात कळवलं नाही, आणि चौथा रकाना उशिरा आलेल्यांचा (हा चौथा महत्त्वाचा आहे, का ते लगेच सांगते). शिवाय प्रत्येक नावापुढे बुकिंग किती दिवस आधी केलं होतं, माणूस नवीन की जुना, कोर्सचा कितवा आठवडा, आणि पैसे कधी भरले.

माझ्या वहीत तीन गोष्टी अगदी उघड दिसल्या. तीन आठवडे आधी बुक केलेले जास्त बुडतात, दोन-तीन दिवस आधी केलेले कमी. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंटबद्दलही हेच सापडतं, तारीख जितकी लांब तितकी गैरहजेरी जास्त. दुसरं, आठ आठवड्यांच्या कोर्समध्ये गळती तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला होते, पहिल्या नाही. आणि तिसरं, जे कधीतरी उशिरा येत होते तेच पुढे न सांगता गायब झाले.

उशीर आणि गैरहजेरी हा एकच आजार असू शकतो

हे मला एका बाईंमुळे कळलं. त्या सलग दोन वेळा आल्या नव्हत्या, मी फोन केला तर म्हणाल्या, "मी आले होते हो, दारापर्यंत आले, पण आत सगळे डोळे मिटून बसले होते, मग परत गेले." सात मिनिटं उशीर झाला होता त्यांना. माझ्या रजिस्टरमध्ये मात्र त्या न कळवता गैरहजर होत्या.

विचार करा, दुसऱ्या कुठल्याही क्लासमध्ये पाच मिनिटं उशिरा गेलं तर हळूच मागे उभं राहता येतं. आपल्याकडे शांतता हाच क्लास असतो, दार किंचित वाजलं तरी १२ जणांचं लक्ष जातं, आणि जो माणूस ताण कमी करायला आलाय त्याला त्या शांततेत शिरणं म्हणजेच केवढा ताण. आणि आपणच नियम केलेला असतो की वेळेनंतर प्रवेश नाही. मग उशीर होतोय असं रस्त्यात कळलं की माणूस तिथूनच वळतो, आणि वळलाय हे कळवायलाही त्याला कसंतरी होतं.

मी काय केलं तर पहिली दहा मिनिटं मोकळी केली. त्यात बसायची जागा ठरवणं, खांदे मोकळे करणं, थोडं उभ्यानं हालचाल, दोन शब्द बोलणं, म्हणजे कुणी आत आलं तरी काही मोडत नाही. डोळे मिटून बसायचं ते अकराव्या मिनिटापासून. दाराजवळची दोन आसनं कायम रिकामी ठेवते आणि हे सगळ्यांना आधी सांगून ठेवलंय की उशीर झाला तर आत या, काही बोलायचं नाही, माफी मागायची नाही, दाराजवळ बसा. दार आधीच किलकिलं ठेवते म्हणजे हँडलचा आवाज येत नाही. खर्च काही नाही यात, आणि माझ्याकडच्या न कळवता गैरहजर असलेल्यांपैकी मोठा हिस्सा एवढ्यानंच कमी झाला. तुमच्याकडे उशिरा येणाऱ्यांचा रकाना पूर्ण कोरा असेल तर खूश होऊ नका, ते बहुतेक गैरहजरच्या रकान्यात बसलेत.

२४ तासांचा नियम तपासा

जवळजवळ सगळेजण कुठून तरी हा नियम उचलतात, २४ तास आधी कळवलं तर पैसे परत किंवा सत्र पुढे, नंतर कळवलं तर सत्र गेलं. मीही उचलला होता. आता त्या माणसाच्या जागी बसून बघा ज्याला क्लासच्या आठ तास आधी कळलं की आज जमणार नाही. सत्र तर गेलंच. कळवलं तरी गेलं, नाही कळवलं तरी गेलं. वर कळवायचं म्हणजे कारण द्यायचं, वाईट वाटून घ्यायचं. मग तो कशाला कळवेल? म्हणजे आपला नियमच उशिरा कळवणाऱ्याला न कळवणारा बनवतो.

यावर उपाय असा की आधी स्वतःला विचारा, मला नेमका किती वेळ हवाय? वेटिंगवरच्या माणसाला मेसेज गेला, त्यानं बघितला, हो म्हणाला आणि पोचला, याला किती लागतात? माझ्याकडे चार तास पुरतात. मग मुदत क्लासच्या चार तास आधीपर्यंतची ठेवली. तोपर्यंत कळवलं तर सत्र पुढे जातं, पूर्ण. त्यानंतर कळवलं तरी अर्धं सत्र जमा राहतं, म्हणजे असं दोनदा झालं की एक सत्र मिळतं. आणि अजिबात कळवलं नाही तर सत्र गेलं. शेवटच्या मिनिटाला कळवण्यालाही काहीतरी किंमत राहिली पाहिजे, मुद्दा एवढाच. तुम्हाला अर्ध्याचा हिशोब किचकट वाटत असेल तर दुसरं काही ठेवा, पण कळवणारा आणि न कळवणारा यांना एकाच मापानं मोजू नका.

आणि कारण विचारणं बंद करा. फॉर्ममध्ये "कारण लिहा" असा रकाना असेल तर काढून टाका. ज्याला आज फक्त उठवत नाहीये, मन जड आहे, तो तिथे काय लिहिणार?

दंडाबद्दल

दंड लावावा का हे सगळे विचारतात. इस्राएलमधल्या हैफा शहरातला एक प्रयोग यावर फार बोलका आहे, युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी केलेला, त्यांचा पेपर २००० साली आला. पाळणाघरांतून मुलांना न्यायला काही पालक उशिरा यायचे, म्हणून काही पाळणाघरांनी उशिराला छोटा दंड लावला. उशिरा येणाऱ्यांचं प्रमाण घटायच्या ऐवजी वाढलं, जवळजवळ दुप्पट झालं, आणि नंतर दंड काढून टाकला तरी ते खाली आलं नाही. आधी उशीर झाला की पालकांना बाईंसमोर ओशाळल्यासारखं व्हायचं, दंड आल्यावर ती विकत घ्यायची सेवा झाली.

माझ्याकडे हे जसंच्या तसं घडलं. मी थोडी रक्कम लावली आणि जो माणूस आधी दहा ओळींचा माफीचा मेसेज टाकायचा तो "ओके, कापून घ्या" एवढंच लिहायला लागला. आणि मी दंड काढला तरी तो जुना मोकळेपणा परत यायला फार वेळ लागला, काही जणांच्या बाबतीत आलाच नाही. त्यामुळे दंड लावायचाच असेल तर एकदा लावला की मागे फिरता येत नाही असं समजून लावा.

फुकट सत्राला मात्र वेगळं. क्लासची ओळख करून देणाऱ्या पहिल्या फुकट सत्राला माझ्याकडे सगळ्यात जास्त गैरहजेरी असायची. तिथे छोटं डिपॉझिट, आल्यावर लगेच त्याच दिवशी परत. हे चाललं, कारण तिथे नातं अजून तयारच झालेलं नसतं, बिघडायला काही नसतं.

पैसे कधी घेता यानंही फरक पडतो. जॉन गूरव्हिल आणि दिलीप सोमण या ग्राहकांच्या वागण्याच्या अभ्यासकांनी १९९८ मध्ये दाखवलं होतं की एकदम भरलेल्या पैशांची टोचणी हळूहळू कमी होत जाते, जिममधे सहामाही फी भरल्या भरल्या लोक यायचे आणि मग हजेरी ओसरत जायची, पुढचा हप्ता भरेपर्यंत. मी वर्षाचं पॅकेज बंद करून महिन्याचं केलं. अगदी क्लासला क्लास पैसे घेऊ नका, त्यानं दर आठवड्याला "जाऊ की नको" हा प्रश्न नव्यानं उभा राहतो.

रिमाइंडर

इथे चूक अशी होते की रिमाइंडर फक्त आठवण करून देतो, उत्तर द्यायची सोय त्यात नसते. मी दोन पाठवते. पहिला दोन दिवस आधी, ज्यात नाही म्हणायची वेळ अजून गेलेली नाही:

"नमस्कार, परवा संध्याकाळी सात वाजता आपला क्लास आहे. येणार असाल तर फक्त 'हो' पाठवा, जमणार नसेल तर फक्त 'नाही' पाठवा, कारण सांगायची गरज नाही. तुमच्या 'नाही'मुळे वेटिंगवरच्या एकाला जागा मिळते."

दुसरा क्लासच्या पाच तास आधी, म्हणजे चार तासांची मुदत संपायच्या आत, त्यात पत्ता किंवा लिंक आणि "उशीर झाला तरी या, दाराजवळ जागा आहे" एवढंच. तिसरा पाठवू नका, लोक म्यूट करतात. आणि बुकिंग ॲपचे मेल स्पॅममध्ये जातायत का हे स्वतःच्या एका दुसऱ्या मेल आयडीनं बुक करून बघा, मी चार महिने समजत होते की मेल जातायत.

मेसेजमधल्या वाक्यांनी खरंच फरक पडतो. लंडनमधल्या सरकारी हॉस्पिटलांत हा प्रयोग झाला, २०१५ साली छापून आला. नेहमीच्या मेसेजला अपॉइंटमेंट चुकवणारे ११.१ टक्के होते, आणि "तुम्ही आला नाहीत तर आरोग्यसेवेला साधारण १६० पौंड खर्च पडतो" असं नेमकं लिहिलं तेव्हा ८.४ टक्के. आपल्याकडे खर्चाचा आकडा सांगणं मला बरं वाटत नाही, पण वेटिंगवर खरा माणूस थांबलाय हे सांगणं त्याच जातीचं आहे, आणि ते खरं असेल तेव्हाच लिहा.

उलटं जे करू नये ते म्हणजे "हल्ली बरेच जण न सांगता येत नाहीत" असा मेसेज ग्रुपवर टाकणं. मी टाकलाय, रागाच्या भरात. त्यातून वाचणाऱ्याला एवढंच कळतं की बरेच जण जात नाहीत, म्हणजे आपण नाही गेलो तरी चालतंय. आणि ग्रुपवर रद्द करायची पद्धतच बंद करा. एकानं व्हॉट्सॲप ग्रुपवर "आज जमणार नाही" टाकलं की दहा मिनिटांत अजून तिघं टाकतात, ज्यांचं अजून नक्की नसतं त्यांचं तिथे नक्की होतं. "नाही" मला वैयक्तिक पाठवायचं, ग्रुपवर फक्त क्लासबद्दलचं.

अजून एक छोटी युक्ती, पुढची तारीख आपण सांगायच्या ऐवजी माणसाला स्वतःच्या हातानं त्याच्या कॅलेंडरमध्ये टाकायला लावा, क्लास संपताना, तिथेच. आणि "जर ऑफिसमधून निघायला उशीर झाला तर मी काय करेन" हे एक वाक्य ज्याचं त्यानं ठरवायचं. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं यावर बरंच काम केलंय, नुसता निश्चय करण्यापेक्षा "असं झालं तर मी असं करेन" हे आधी ठरवलेलं जास्त टिकतं. माझ्या एका विद्यार्थ्याचं वाक्य होतं, "साडेसहाला मीटिंग चालू असेल तर मी तिथूनच ऑनलाइन जॉइन होईन." तो माणूस त्यानंतर दोनदाच चुकला.

तिसरा-चौथा आठवडा

इथे जरा थांबते कारण मला हा भाग सगळ्यात जवळचा आहे. आठ आठवड्यांचा जो मूळ कार्यक्रम, जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये सुरू केलेला, त्यात आठवड्याला साधारण अडीच तासांचं सत्र आणि घरी रोज ४५ मिनिटांचा सराव, आठवड्यातले सहा दिवस, असं होतं. आपण बरेच जण कमी-जास्त करून तेच चालवतो. आता पहिल्या आठवड्याचा उत्साह ओसरतो, घरचा सराव तीन दिवस झाला, मग एक दिवस, मग काहीच नाही. आणि क्लास सुरू होताना आपण काय करतो, गोल बसवून विचारतो की या आठवड्यात सराव कसा झाला. ज्याचा झालाच नाही तो पुढच्या वेळी येत नाही. गृहपाठ न केलेलं मूल शाळा बुडवतं ना, अगदी तसंच, फक्त वय ४०.

२०१७ साली या कार्यक्रमांवरच्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला होता, त्यात दिसलं की लोक घरी सरासरी रोज साधारण अर्धा तास सराव करतात, म्हणजे सांगितलेल्याच्या तीन हिश्शांपैकी दोनच्या आसपास. हे मी आता दुसऱ्याच आठवड्यात सगळ्यांना सांगते. आणि सोबत हेही सांगते की सराव झाला नसेल त्या आठवड्यात तर नक्कीच या, कारण न जमणं कसं वाटतं, तेव्हा मन स्वतःशी काय बोलतं, हे बघणं हाच आपला विषय आहे. सुरुवातीचा प्रश्नही बदलला, "या आठवड्यात काय दिसलं, सराव करताना किंवा न करताना?" आणि उत्तर द्यायची सक्ती नाही.

कोर्सला नाव नोंदवायच्या आधी १५ मिनिटं एकेकाशी बोलते, आठवड्याचे किती तास जाणार, घरी किती, हे स्पष्ट सांगते. दोन-चार जण तिथेच माघार घेतात. घेऊ द्या, ते तसेही तिसऱ्या आठवड्यात गेले असते आणि अपराधी वाटून घेऊन गेले असते.

यात एक गंभीर गोष्ट आहे, घाईनं पुढे जाऊ नका. काही जण यामुळे येणं थांबवतात की डोळे मिटून श्वासाकडे बघताना त्यांना खरंच त्रास होतो, जुनं काहीतरी वर येतं, छातीत धडधडतं, आणि बाकी सगळे शांत दिसतायत म्हणून त्यांना वाटतं आपल्यातच खोट आहे. ते कधीच स्वतःहून सांगत नाहीत. म्हणून कुणी न कळवता चुकलं तर त्याच संध्याकाळी माझा मेसेज जातो: "आज तुम्ही दिसला नाहीत, सगळं ठीक आहे ना? पुढच्या वेळी जागा आहे तुमची. क्लासमध्ये काही जड जात असेल तर तेही सांगा, डोळे उघडे ठेवून, उभ्यानं, चालत, बरेच मार्ग आहेत." सलग दोनदा चुकलं तर फोन. पॉलिसीची आठवण या मेसेजमध्ये अजिबात नाही. आणि बोलताना लक्षात आलं की त्रास आपल्या कुवतीबाहेरचा आहे, तर क्लासला यायचा आग्रह धरू नका, डॉक्टर किंवा समुपदेशकाकडे जायला सुचवा.

जास्त बुकिंग घ्यावं का

घेता येतं, पण हिशोब करून. समजा तुमच्याकडे सरासरी ८० टक्के येतात आणि जागा १२ आहेत. वरवर वाटतं १५ घ्यावेत, १५ चे ८० टक्के १२. पण सरासरी रोज येत नसते. गणित केलं तर १५ घेतल्यावर १२ च्या वर माणसं यायची शक्यता जवळजवळ ४० टक्के निघते, १४ घेतले तर साधारण २० टक्के, आणि १३ घेतले तर पाच-सहा टक्के. ज्या जागेत माणूस शांत बसायला येतो तिथे त्याला "जागा नाही" म्हणणं फार वाईट, म्हणून मी १३ वर थांबते आणि एक जादा आसन ठेवते. हे गणित प्रत्येक जण आपापलं ठरवतो असं धरून आहे. मुसळधार पाऊस किंवा ट्रॅफिक असेल तर सगळे एकदम चुकतात, त्यावर जास्त बुकिंगचा उपयोग नाही, त्या दिवशी दुपारीच क्लास ऑनलाइन करा.

ऑनलाइनवाल्यांसाठी

रेकॉर्डिंग सगळ्यांना मिळणार हे आधी सांगितलं की लाइव्ह हजेरी पडते, आणि रेकॉर्डिंग बघितलं जातंच असं नाही. मी आता रेकॉर्डिंग फक्त त्यांनाच पाठवते ज्यांनी आधी "नाही" कळवलं. कळवायचं अजून एक कारण मिळालं त्यांना. फक्त सूचनांचा भाग रेकॉर्ड करा, लोकांचं बोलणं नको. लिंक दर वेळी तीच ठेवा आणि रिमाइंडरमध्येच द्या, वेगवेगळ्या देशांतले लोक असतील तर त्यांच्या घड्याळाची वेळ लिहा. कॅमेरा बंद चालेल हेही सांगा, घर आवरलेलं नाही म्हणून न येणारे खूप असतात.

आणि आपली स्वतःची बाजू. माझ्या वहीत एक गोष्ट उशिरा लक्षात आली, ज्या महिन्यात मी दोनदा वेळ बदलली होती त्याच्या पुढच्या महिन्यात रद्द करणारे वाढले होते. मीच वेळ हलवली की त्यांनाही वाटतं हे हलवता येतं. आता कोर्स सुरू व्हायच्या आधी सगळ्या तारखा आणि माझ्या सुट्ट्या देऊन टाकते, वार आणि वेळ बदलत नाही, आणि बदलायचंच झालं तर माझ्यावरही तोच नियम, चार तास आधी कळवायचं, आणि तेही नाही जमलं तर पुढचं सत्र सगळ्यांना माझ्याकडून.